बाबांना ब्रुअरीत न्यायचं का?

वाचकाचं पत्र: मी ह्यूस्टनला राहतो. आई-बाबा नाशिकहून तीन महिन्यांसाठी आलेत. पुढच्या महिन्यात लाँग वीकेंडला आम्ही पाच जण, म्हणजे आई, बाबा, मी, बायको आणि सहा वर्षांची मुलगी, गाडीने हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, निघतोय. वाटेत एका छोट्या गावात क्राफ्ट ब्रुअरी, म्हणजे स्वतः बिअर बनवून तिथेच देणारी छोटी जागा आहे, तिचं स्वतःचं स्मोकहाउसही (धुरावर मांस शिजवून वाढायची जागा) आहे. मला तिथे जायचंय, फार दिवसांचं मनात आहे. बायको म्हणते, ‘सासू-सासऱ्यांना घेऊन गुत्त्यात? मी गाडीतच बसून राहीन.’ आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबा (वय ६९, ओझरच्या कारखान्यातून निवृत्त, शुगरच्या गोळ्या चालू) चिकन-मटण खातात. मित्रांत बिअर घेतात हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण माझ्यासमोर त्यांनी कधी ग्लास उचललेला नाही. गोमांस आमच्यात कुणालाच चालत नाही. गाडी मीच चालवणार, कारण बायको हायवेला घाबरते. दोन बिअर घेऊन, दीडेक तास थांबून पुढे निघू असा विचार आहे. जावं की बेत रद्द करावा?

उत्तर:

जा. बेत रद्द करण्यासारखं यात काही नाही. मात्र आई-बाबांबद्दल तुम्ही एवढं लिहिलंत आणि गाडीचा विषय शेवटच्या दोन वाक्यांत उरकलात. मला काळजी वाटली ती त्या दोन वाक्यांचीच. म्हणून आधी ते.

‘दोन बिअर’ हा हिशेब क्राफ्ट ब्रुअरीत चालत नाही. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे १२ औंस, साधारण ३५५ मिलिलिटर, ५ टक्क्यांची बिअर. ब्रुअरीत मिळणारा पाइंट १६ औंसांचा असतो आणि आयपीए (कडवट चवीची बिअर) सहज ७ टक्क्यांची असते. म्हणजे असा एक ग्लास जवळजवळ दोन ड्रिंक झाला. तुमच्या दोन बिअर म्हणजे पावणेचार. आणि ‘पाइंट नको, चव घेण्यापुरती फ्लाइट घेऊ’ म्हणाल, तर पाच-पाच औंसांचे चार ग्लास येतात. त्यात एखादी १० टक्क्यांची स्टाउट (काळी, दाट बिअर) निघाली की फ्लाइटही अडीच ड्रिंकच्या आसपास जाते. शरीर तासाला साधारण एक ड्रिंक पचवतं. कॉफी प्या, तोंडावर पाणी मारा, त्यात फरक पडत नाही. पोटभर जेवल्याने दारू हळू चढते, पण चढते. त्यामुळे तुमच्या दीड तासाला काही अर्थ नाही.

टेक्सासमध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ आहे. पण त्याच्या आतही तुमचा ताबा सुटलाय असं दिसलं तर पोलिस पकडू शकतो. आणि तुमच्या गाडीत मागे सहा वर्षांची मुलगी बसलेली असणार. १५ वर्षांखालचं मूल गाडीत असताना पिऊन चालवणं हा टेक्सासमध्ये पहिल्याच वेळी फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे. १८० दिवसांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तुम्ही व्हिसावर असाल तर नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. एवढं वाचल्यावर एका आयपीएची काय किंमत पडेल ते तुमचं तुम्हीच ठरवा.

दोन मार्ग उरतात. एक, त्या दिवशी तुम्ही थेंबही घ्यायचा नाही आणि आवडलेल्या बिअरचे कॅन घेऊन मुक्कामाला जायचं. २०१९च्या १ सप्टेंबरपासून टेक्सासमधल्या ब्रुअरीज थेट गिऱ्हाइकाला घरी न्यायला बिअर विकू शकतात. माणशी दिवसाला २८८ औंस, म्हणजे १२ औंसांचे २४ कॅन. तेवढे पुरावेत. ते डिकीत ठेवा. उघडलेला कॅन पुढे-मागे कुठल्याही सीटजवळ सापडला तर दंड होतो, मग तो कुणीही पीत असो. ग्रोलर (बिअर भरून न्यायची मोठी बाटली) भरून घेतलात तर त्याचं सील वाटेत फोडू नका.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. हे गाव वाटेतला थांबा न ठेवता मुक्कामाचं ठिकाण करा. ब्रुअरीपासून चालत जाता येईल असं मोटेल किंवा बी-अँड-बी बघा. सकाळी लवकर निघून अकरा-साडेअकराला स्मोकहाउसला पोचा, जेवा, खोलीवर जाऊन आई-बाबांना आडवं होऊ द्या, आणि ऊन कललं की बिअरसाठी पायी परत या. छोट्या गावात रात्री उबर मिळेल या भरवशावर मात्र राहू नका.

जेवण दुपारीच करा, असं मुद्दाम म्हणतेय. स्मोकहाउसचं मांस आदल्या रात्री भट्टीत चढलेलं असतं. ब्रिस्केटला (गाईच्या छातीकडचं मांस) बारा-बारा तास लागतात, त्यामुळे संपलं की त्या दिवशी नवीन येत नाही. दोन-तीन वाजता ‘सोल्ड आउट’ची पाटी लागते, आणि नेमकी तुमच्या उपयोगाची टर्की (मोठ्या कोंबडीसारखा पक्षी) त्याआधीच संपलेली असू शकते. ब्रुअरीचे आणि स्मोकहाउसचे वारही वेगळे असू शकतात. सोमवार ते बुधवार बंद असं इकडे पुष्कळ ठिकाणी असतं. लाँग वीकेंडचा सोमवार तुमच्या बेतात असेल तर फोन करूनच निघा.

आता बायकोचा ‘गुत्ता’. त्यांना दोष देत नाही. आपल्याकडे बिअर बार म्हटलं की काळ्या काचा, लाल दिवे आणि बाहेर उभ्या मोटारसायकली, हेच डोळ्यांसमोर येतं. तुम्ही त्यांना त्या जागेचे शनिवार दुपारचे फोटो दाखवा. बहुतेक ठिकाणी एक मोठी शेड असते, शटर वर केलेलं, आत स्टीलच्या टाक्या, बाहेर झाडांखाली लांब बाकं. हिरवळीवर पोरं पळत असतात, कुणाचं तान्हं बाबागाडीत झोपलेलं असतं, आजी-आजोबा असतात, दोन-चार कुत्री असतात. मुलीसाठी रूट बिअर किंवा लेमोनेड मिळतं (रूट बिअरमध्ये दारू नसते, हे आईंना आधीच सांगा, नाहीतर नातीच्या हातातला ग्लास बघून घोटाळा होईल). काही ठिकाणी संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर मुलांना प्रवेश नसतो, तेवढं विचारून घ्या. बायको एरवी बिअर घेत असतील आणि सासऱ्यांसमोर नको म्हणत असतील, तर ‘घे गं, काही होत नाही’ म्हणत त्यांना भरीला घालू नका. आपण किती पुढारलेले आहोत हे सिद्ध करायची ही सहल नव्हे.

बाबांचं सांगते. त्यांना सगळ्यांसमोर, टेबलावर, वेटर पेन घेऊन उभा असताना ‘बाबा, तुम्ही घेणार?’ असं विचारू नका. आईंकडे एक नजर टाकून ते ‘छे छे’ म्हणतील, आणि एकदा नाही म्हटल्यावर त्यांना तोंड उरणार नाही. निघण्याच्या आधी संध्याकाळी फिरायला जाता तेव्हा एकटे असताना सांगा, ‘बाबा, शनिवारी एका ब्रुअरीत जेवणार आहोत, तिथे ते स्वतः बिअर बनवतात. तुम्हाला घ्यावीशी वाटली तर घ्या, मला काही वाटणार नाही.’ एवढंच. उत्तर मागू नका, विषय बदला. तिथे गेल्यावर त्यांना घेऊन काउंटरपाशी जा. इकडच्या ब्रुअरीत बहुतेक वेळा काउंटरवरच ऑर्डर द्यायची असते, ही चांगली सोय आहे. फळ्यावरची यादी दोघांनी वाचायची, ते आपलं आपण मागतील किंवा मागणार नाहीत. ते नाही म्हणाले तर ते नाहीच समजा.

ते घेणार असतील तर दोन गोष्टी. पहिली, शुगरची गोळी कोणती ते बघा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर दारूने साखर एकदम खाली जाऊ शकते, तीही काही तासांनी, रात्री झोपेत. त्यांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी एक मेसेज करून विचारा, आणि उपाशीपोटी तर नाहीच नाही. दुसरी, पासपोर्ट बरोबर ठेवा. केस पूर्ण पांढरे झालेल्या माणसालाही काउंटरवर ओळखपत्र विचारतात. आधार कार्ड इथे चालत नाही, आणि खिशात पासपोर्ट नाही म्हणून ६९ वर्षांच्या माणसाला एकवीस पूर्ण नसल्यासारखं परत पाठवलं तर त्या दिवसाची सगळी मजा जाते.

कुठली घ्यावी? बाबांना आपल्याकडच्या लागरची, म्हणजे फिक्या, हलक्या बिअरची सवय असणार, तेव्हा पिल्सनर किंवा हेलेस या लागरच्याच प्रकारांपासून सुरू करा. धुरावलेल्या, मिरी लावलेल्या मांसाबरोबरही तीच बरी. तिच्यातला कोरडेपणा आणि फसफस तोंडातला तुपकटपणा धुऊन काढते. आयपीएचा कडवटपणा मिरीच्या तिखटावर चढतो आणि दोन्हींची चव जाते, हे माझं मत. इथले आयपीएवाले माझ्याशी भांडतील. ‘स्मोक्ड बिअर’ यादीत दिसली तर ती कुतूहल म्हणून एका छोट्या ग्लासात घ्या. जर्मनीतल्या बाम्बेर्ग गावात बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची (मोड आणलेल्या धान्याची) अशी बिअर पिढ्यान् पिढ्या बनते. पण धुराच्या मांसाबरोबर धुराची बिअर घेतली की दोन्हींकडून धूरच लागतो. मिल्क स्टाउटमध्ये दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज असतं. दूध सोसत नसेल त्याने लांब राहावं.

बाबा बिअर न घेताही या जागेत रमतील, असं मला त्यांच्या नोकरीवरून वाटतं. मागच्या अंगणातल्या भट्ट्या त्यांना जरूर दाखवा. इकडच्या पुष्कळ भट्ट्या जुन्या प्रोपेनच्या टाक्या आडव्या कापून, वेल्डिंग करून बनवलेल्या असतात. एका टोकाला जाळाची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं, आणि मांस जाळावर न ठेवता मधून वाहणाऱ्या गरम धुरात. जळण बहुतेक पोस्ट ओक या झाडाचं. धुराडं किती उंच, दार किती उघडं, लाकूड किती वाळलेलं, यावर सगळा खेळ चालतो. भट्टीवाल्याला हवेच्या ओढीबद्दल एक प्रश्न विचारला तर तो अर्धा तास बोलतो. बाबांचं इंग्रजी अडखळत असेल तर तुम्ही दुभाषी व्हा. मांसाचं तापमान चढत चढत ७० अंश सेल्सिअसच्या आसपास येतं आणि तिथे तासन् तास अडकून बसतं, हे त्याला विचारायला सांगा. पृष्ठभागावरचा ओलावा उडत राहतो आणि जाळाची उष्णता तो खाऊन टाकतो. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं, तेच कारण.

आणि ब्रुअरी व स्मोकहाउस एका छपराखाली का, याचीही थोडी गोष्ट त्यांना सांगा. एकोणिसाव्या शतकात या भागात जर्मन आणि चेक लोक येऊन वसले. त्यांचे खाटीक न खपलेलं मांस धुरात धरून ठेवायचे आणि कापूस वेचायला आलेल्या मजुरांना कागदात बांधून विकायचे. आजही ताटाऐवजी कागद मिळतो तो तिथूनच आलाय. त्याच लोकांना लागरही हवी होती. तुमच्या वाटेपासून थोडं दक्षिणेला असलेल्या शाइनर गावची ब्रुअरी १९०९ची आहे. नंतर १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी आली आणि छोट्या ब्रुअरीज बहुतेक बंद पडल्या. जेवणाच्या जागेतच बिअर बनवून विकायला टेक्सासने परवानगी दिली ती थेट १९९३मध्ये.

आता खाणं, कारण खरी पंचाईत तिथे आहे. टेक्सासचं बार्बेक्यू म्हणजे मुख्यतः बीफ. ब्रिस्केट बीफ, बीफ रिब्ज तर नावातच आहे, आणि सॉसेजला फसू नका. ‘जॅलपिन्यो चीज’ एवढंच लिहिलेलं असलं तरी आत बीफ किंवा बीफ-पोर्क मिश्रण असणं अगदी सर्रास आहे. तुमच्यासाठी टर्की आणि असेल तर चिकन. पण कापणाऱ्याचा लाकडी ठोकळा एकच असतो आणि सुरीही. ब्रिस्केट कापलं, सुरी फडक्याला पुसली, टर्की कापली, असं तुमच्या डोळ्यांदेखत होईल. रांगेत गर्दी नसेल तर वेगळ्या सुरीने कापून द्या म्हणून नम्रपणे सांगता येतं. ऐकतीलच असं नाही. शिवाय टर्की बहुतेक जण लोण्यात घोळवतात, पण काही ठिकाणी बीफची चरबी वापरतात. बटाट्याचे काप तळायलाही तीच. हे सगळं तुम्हाला कितपत चालतं, ते घरून निघतानाच दोघांनी ठरवा. रांगेत उभं राहून बाबांसमोर चर्चा नको.

टर्की पानात आली की वरच्या कडेला गुलाबी दिसेल. बाबा म्हणतील, कच्ची आहे. ती कच्ची नसते. लाकडाच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या लाल द्रव्याला चिकटतो आणि तो रंग शिजल्यावरही तसाच राहतो. त्या गुलाबी कडेच्या आत पांढरी, रसदार आणि गरम असेल तर खुशाल खा.

आईंसाठी स्मोकहाउसमध्ये जवळजवळ काही नाही, हे धरूनच चला. पिंटो बीन्समध्ये ब्रिस्केटचे तुकडे असतात, फरसबीत बेकन, बटाट्याच्या सॅलडमध्ये अंडं, कोलस्लॉच्या मेयोनेझमध्येही अंडं. उरतो पांढरा ब्रेड, कच्चा कांदा, लोणच्याची काकडी, कुठे मक्याचं कणीस, कुठे मॅक-अँड-चीज. नाशिकहून आलेल्या माणसाला ‘आई, तुम्ही ब्रेड आणि काकडी खा’ म्हणणं बरं नाही. घरून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा न्या. स्वतःचं किचन असलेल्या जागी बाहेरचं खाणं चालत नाही अशी पाटी असते, म्हणून आधी फोनवर सांगून ठेवा की सोबत वयस्कर शाकाहारी बाई आहेत. माझा अनुभव असा की छोट्या गावात सहसा नाही म्हणत नाहीत. आणि बसताना वारा कुठून येतो ते बघा. भट्टीचा धूर वाहतो त्या बाजूचं बाक पकडलंत तर आई दोन घासही खाऊ शकणार नाहीत, आणि त्यांच्या पातळाला आठवडाभर तो वास राहील.

कुणालाच बीफ नको, आईंना मांसाचा वासही सोसत नाही, असं असेल तर सरळ दोन भाग करा. दुपारी आई आणि बायको गावातल्या कोर्टाच्या चौकातल्या दुकानांत फिरून, एखाद्या कॅफेत बसून येतील. तुम्ही, बाबा आणि मुलगी स्मोकहाउसला. संध्याकाळी बिअर गार्डनमध्ये सगळे एकत्र. तोवर भट्ट्या विझत आलेल्या असतात. बायकोला ‘गाडीत बसून राहीन’ म्हणायची वेळच येणार नाही. मध्य टेक्सासच्या उन्हात बंद गाडीत कुणी बसून राहूही नये.

आई बाबांच्या ग्लासाकडे बघून काही बोलल्या तर त्यात तुम्ही पडू नका. इतक्या वर्षांचा त्यांचा संसार आहे, त्यांचं ते बघून घेतील.